नावावरची रेघ

निवडणूक शनिवारी झाली आणि भांडण रविवारी. भांडायला म्हणून कोणी जमलं नव्हतं, तेवढं खरं. ऑक्टोबरचा पहिला रविवार हा वेल्टाआजींच्या घरी कोबीचा रविवार. त्या दिवशी मुलगा, सून, लेक, जावई, नात सगळ्यांनी यायचं, हिवाळाभर पुरेल इतका कोबी किसायचा, मीठ लावून पिंपात ठेचून भरायचा, आणि जेवून जायचं. सरकारं आली नि गेली, पण या घरचा कोबी कधी चुकला नाही. यंदा मतदान नेमकं आदल्या दिवशी आलं, त्याला कोबीचा काय इलाज!

गेनाने पीप धुऊन उन्हात कलतं ठेवलं होतं. गेना या घरचा जावई. जूनमध्ये सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तो आणि बायको दाइगा इथेच राहायला आले होते. आठवडाभर तो डेअरीची दुधाची गाडी गावोगाव फिरवायचा आणि संध्याकाळी सासूबाईंना धरून अंगणात फिरवायचा. "गाडीला ब्रेक तरी आहे," असं म्हणायचा तो, "आईंना तोही नाही."

दाइगा पहाटेपासून फोनवर होती. ही गुरांची डॉक्टर. अख्ख्या तालुक्यातल्या गाई तिच्या हाताखालून गेलेल्या, आणि गाईंना मत नसलं तरी गाईवाल्यांना असतं. तिच्या थोरल्या भावाला, आइगार्सला, हे उशिरा कळलं. वसंतात पक्षाच्या यादीत नावं कमी पडत होती तेव्हा त्यानेच तिला गळ घातली होती. "नुसती यादी भरायला ये गं. खाली कुठेतरी नाव टाकतो तुझं. कोणी बघतसुद्धा नाही तिथवर." स्वतः तो वरून दुसरा. बारा वर्षं गावच्या कचेरीत काढलेला, पक्षाच्या सभांना खुर्च्या मांडण्यापासून भाषणापर्यंत सगळं केलेला माणूस.

आता आपल्याकडची मतदानाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आधी यादी निवडायची, मग त्या यादीत जो आवडतो त्याच्यापुढे अधिकची खूण करायची, आणि जो नको त्याच्या नावावर रेघ मारायची. अधिक जमेत, रेघ वजा. पक्षाने कोणाला कितवं बसवलंय त्याला मग कोणी विचारत नाही. आइगार्सची यादी पाच टक्क्यांचा उंबरठा धापा टाकत ओलांडून आत आली, विद्झेमे प्रांतातून तिला संसदेत दोन जागा मिळाल्या. एक यादीतल्या पहिल्या प्राध्यापकाला. दुसरी, खालून उड्या मारत वर आलेल्या दाइगाला. आइगार्स तिच्या मागे राहिला, तोही थोडक्यात.

पण माणूस मोठ्या मनाचा. सकाळी दारात आला तो हातात जांभळ्या अॅस्टरची फुलं घेऊन.

"अभिनंदन, बाईसाहेब," असं म्हणाला तो बहिणीला. "आता संसदेत गाईंचे प्रश्न तरी नीट मांडले जातील."

"दादा, राग नाही ना आला?"

"आला ना. येताना रस्त्यात टाकून आलो."

दाइगाने फुलं घेतली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकलं. गेनाला दारातून ते दिसलं आणि त्याला बरं वाटलं. रात्रभर बायको झोपली नव्हती ती जिंकण्याच्या काळजीने नाही, जिंकलो तर दादाला काय वाटेल या काळजीने, हे त्याला माहीत होतं.

वेल्टाआजी चुलीजवळच्या खुर्चीत होत्या, मांडीवर मिठाचं भांडं. मीठ त्यांच्याशिवाय कोणी घालायचं नाही, हा नियम. आइगार्स लाकडी किसणीवर कोबीचे गड्डे सरकवत होता. त्याची बायको इनारा मुसळाने पिंपात ठेचत होती, दाइगा गाजरं किसत होती आणि अधूनमधून शहाजिरं भुरभुरत होती. आजी आज गप्प होत्या. लेक निवडून आली तेव्हा त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला होता, बोलल्या काहीच नव्हत्या. गेनाने ते मनात नोंदवलं होतं.

लाउमा, दाइगा-गेनाची मुलगी, कालच राजधानी रीगात मत देऊन रात्रीच्या बसने आलेली. कामाच्या नावाने शून्य, फोन मात्र हातात.

"गावागावाचे आकडे आले!" ती ओरडली. "वेत्सुपे, वेत्सुपे... हे बघा, सापडलं. आई, आपल्या गावात तुला अधिकच अधिक! मामा, तुलाही. जवळजवळ सारखेच. आणि खोडलेले..." ती थांबली. "गंमतच आहे. आईला एक रेघ. मामाला पण एकच रेघ."

आइगार्सचा हात किसणीवर थांबला.

"आपल्या गावात?"

"हो ना. बाकी यादीतल्या कोणालाच गावाने खोडलेलं नाही. फक्त तुम्हा दोघांना. एकेक."

"असेल कोणी," दाइगा घाईने म्हणाली. "माझ्यावर खार खाऊन असलेले कमी आहेत का? त्या पेटेरिसचा बैल मेला होता माझ्या हातून."

"पेटेरिस आपली यादी कशाला घेईल?" आइगार्स म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, पण कोबी तसाच राहिला होता. "ज्याला आपण नको तो दुसरी यादी उचलतो. आपलीच यादी घ्यायची, आणि तीत एकाच माणसाला खोडायचं, हे परक्याचं काम नाही. एकाला वर काढायचं असलं की दुसऱ्याला खाली ओढतात. बारा वर्षं पाहतोय मी हे."

मुसळ थांबलं. इनाराने घाम पुसला.

"मग बोला ना स्पष्ट," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाला कोणी खोडलं असेल? ज्याला दाइगा वर यायला हवी होती, त्याने."

"आणि मला कोणी खोडलं, वहिनी?" दाइगाने गाजर खाली ठेवलं. "ज्याला दादा वर यायला हवा होता, त्याने. असंच ना?"

"माझ्याकडे बघून बोलतेयस?"

"इथे दुसरं कोण आहे?"

"अगं, तुझं बाळंतपण केलंय मी! ही लाउमा माझ्या हातांवर पहिली आली!"

"मामी, मला मधे नका घेऊ," लाउमा म्हणाली आणि फोन खिशात घातला. पण आता फोन खिशात घालून काय उपयोग होता!

"दाइगा," आइगार्स म्हणाला. तो किसणीपासून उठला, हात पुसले. "मला एकच सांग. तू स्वतः मारलीस का रेघ? मारली असलीस तर मारलीस. निवडणूक आहे, चालतं. पण तोंडावर सांग. सकाळी माझ्या छातीवर डोकं ठेवलंस तेव्हा हे पोटात ठेवलं असलंस तर मला ते सोसणार नाही."

"दादा!"

"हो की नाही?"

"तू मला असं विचारूच कसं शकतोस?" दाइगाचा आवाज फुटला. "सायकल शिकवलीस तू मला. बाबा गेले तेव्हा माझ्या शिकण्याचे पैसे तू... आणि मी तुझं नाव खोडीन?"

"मग कोण?"

गेना दारात उभा होता, हातात लाकडं. त्याच्या डोळ्यांपुढे कालची दुपार उभी राहिली.

सासूबाईंना चालवत नव्हतं, म्हणून त्यांनी अर्ज केला होता आणि मतदान केंद्रावरून दोन बायका सीलबंद पेटी घेऊन घरी आल्या होत्या. एक वाचनालयातली, एक शिंपीण. दोघींनी आजींच्या मांडीवर पक्षांच्या सगळ्या याद्यांचा गठ्ठा ठेवला, पाकीट दिलं, पेन दिलं, आणि सोबत आणलेला आडोसा उभा केला. दाइगा तेव्हा मत द्यायला गावात गेली होती. गेनाला कुठे जायचं नव्हतं. त्याला मत नव्हतं.

त्याचा जन्म इथलाच, वाल्मिएराच्या दवाखान्यातला. आईबाप मात्र जुन्या राजवटीत बाहेरून कारखान्यात कामाला आलेले, म्हणून देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याला नागरिकाचा पासपोर्ट न मिळता बिगर-नागरिकाचा जांभळा मिळाला. राहा, कमवा, कर भरा, मत तेवढं देऊ नका. परीक्षा दिली की मत मिळतं. भाषेची परीक्षा, इतिहासाची, राष्ट्रगीताची. बायकोशी भांडायला गेनाला हीच भाषा लागायची आणि स्वप्नंही तिच्यातच पडायची, पण परीक्षेचं नाव काढलं की तो बिथरायचा. "जिथे जन्मलो तिथे जन्मलो याची परीक्षा देऊ?" पंचवीस वर्षं हे एकच वाक्य. जूनमध्ये, नाव यादीत लागलं त्या दिवशी, दाइगा इतकंच म्हणाली होती, "माझ्या नावापुढे तुझा एक अधिक असता ना, तर मला बाकीचे नसते तरी चाललं असतं." तो गाडी धुवायला निघून गेला होता. दोघांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण ते वाक्य घरात फिरत होतं. जेवताना असायचं, दिवा मालवला तरी असायचं.

तर काल तो लाकडाच्या ढिगाकडे गेला होता. मत नसलं तरी मत देणाऱ्याजवळ उभं राहू नये एवढी समज त्याला होती. तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंची हाक आली.

"गेना, तुझं पेन दे रे. यांचं फिकट उठतंय."

त्याने खिशातलं पेन दिलं, दुधाच्या पावत्यांवर तीन कागद खाली उमटेल असं जाड. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटलं. अधिकची खूण करायला फिकट पेनसुद्धा पुरतं की! जाड पेन कशाला लागतं माणसाला?

त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा हात मिठाच्या भांड्यात होता आणि मीठ मुठीतून पुन्हा भांड्यातच पडत होतं. नजर खाली.

तेवढ्यात इनारा म्हणाली, "दाइगाने नसेल मारली. मी नाही म्हणत तसं. पण दाइगाच्या बाजूचं माणूस काय ती एकटीच आहे का या घरात?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आणि गेनाला वाटलं, सुटलो! एवढं सोपं होतं तर. घ्यायचं आपल्या अंगावर आणि मोकळं व्हायचं. आइगार्स दोन-अडीच महिने बोलणार नाही, नाताळला बोलेल. म्हातारीची मान तर खाली जाणार नाही.

"हो," तो लाकडं खाली टाकत म्हणाला. "मीच खोडलं. दोघांनाही. कंटाळा आला होता मला तुमच्या निवडणुकीचा."

आइगार्सच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू वेगळ्याच दिशेने जायला लागल्या.

"तू?" तो म्हणाला. "तू कशाने खोडलंस, गेना? कुऱ्हाडीने?"

"बाबा," लाउमा म्हणाली, "तुला मत कुठाय?"

इनारा आधी हसली. हसायचं नव्हतं तिला, पण मुसळावर कपाळ टेकून ती अशी हसली की पीप हललं. मग लाउमा. मग दाइगा, रडता रडताच. गेना मात्र चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल होऊन उभा. आयुष्यभर लोकांनी त्याला काय काय दिलं नव्हतं, पण आज समजलं, त्याला गुन्हा अंगावर घ्यायचीसुद्धा सोय नव्हती.

"हसू नका त्याला," वेल्टाआजी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण सकाळपासूनचा त्यांचा तो पहिला शब्द.

"पेन त्याचं होतं. हात माझा."

हसणं जिथल्या तिथे थांबलं. आइगार्सला आधी कळलंच नाही.

"कसला हात, आई?"

"रेघ मी मारली. तुझ्या नावावर. आणि हिच्यापण. अधिक कोणालाच नाही केलं."

"आई गं," दाइगा पुढे येऊन त्यांच्या पायांशी बसली. "चुकून? तुला वाटलं का, जो हवा त्याच्यावर रेघ मारायची? जुन्या काळी काहीतरी..."

"मी काय खुळी झालेय? वाचता येतं मला. वाचनालयातल्या त्या पोरीने दोनदा समजावलं. अधिक म्हणजे हवा, रेघ म्हणजे नको. सगळं कळत होतं." त्यांनी मिठाचं भांडं बाजूला ठेवलं. "तुमची नावं दुसऱ्या यादीत असती तर ती घेतली असती. खोडायला."

"पण का?" आइगार्सने विचारलं. मोठा, पांढऱ्या केसांचा माणूस, पण विचारलं ते सात वर्षांच्या पोराने विचारावं तसं. "आम्ही नको आहोत तुला तिथे?"

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्चची पानं पिवळी झाली होती, एखाददुसरं गळत होतं.

"माझे वडील गावचे प्रमुख होते, हे तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "लोकांनी निवडून दिलेले. लोकांनी निवडलं, म्हणून मग त्यांचं नाव कागदावर आलं. युद्ध संपलं तसं नव्या राज्यकर्त्यांच्या शिपायांनी त्यांना नेलं. पुढे एकोणपन्नासच्या मार्चमध्ये आम्हाला न्यायला आले. आई, मी आणि मारा. मारा चार वर्षांची, मी सहा."

मुलांना हे ढोबळमानाने ठाऊक होतं. आई सायबेरियात होती, मग परत आली. मारा नावाची मावशी होती, ती परत आली नाही. यापुढे या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं की आई उठून कोंबड्यांना दाणे घालायला जायची. आज तिला उठता येत नव्हतं.

"सगळ्यांना शाळेत नेऊन बसवलं. बाकांवर. माझी शाळासुद्धा सुरू झाली नव्हती, मला वाटलं आता शिकवणार. टेबलाशी एक कारकून होता, त्याच्यापुढे यादी. एकेकाचं नाव वाचायचा आणि बाहेर गाडीत चढवायचे. आमच्या शेजारी गिरणीवाल्यांची झेल्मा बसली होती, माझ्याएवढीच. तिची आई त्याच्यापाशी गेली, काहीतरी बोलली. काय बोलली देव जाणे. त्या माणसाने पेन दौतीत बुडवलं आणि यादीवर एक रेघ मारली. एवढीशी." त्यांनी बोटाने हवेत ओढून दाखवली. "आणि त्या दोघी उठून घरी गेल्या. झेल्माने जाताना मला हात केला. मग माझी आई उठली. तीपण बोलली. खूप बोलली. त्याने मानसुद्धा वर केली नाही."

चुलीवर वाटाण्यांचं पातेलं उकळत होतं.

"मला तेव्हा एवढंच समजलं. ज्याचं नाव खोडलं, तो घरी. काल त्या पोरीने माझ्या मांडीवर यादी ठेवली. माझ्या दोन्ही लेकरांची नावं छापलेली. आणि हातात पेन." त्यांचा आवाज इतका वेळ धडधाकट होता, तो आता बसला. "मला ठाऊक आहे रे, आता तसं नाही. टीव्ही बघते मी. पण हात ऐकेना. आईला मिळालं नाही ते पेन मला मिळालं होतं. मी ते असंच परत देऊ?"

आइगार्स गुडघ्यांवर खाली बसला, दाइगाच्या शेजारी, आणि आईच्या मांडीवर तोंड लपवलं. त्याच्या केसांत कोबीचा कीस अडकला होता. आजी तो एकेक करून काढत राहिल्या.

तो तसाच म्हणाला, "दाइगा, माफ कर मला."

"नाही करत," दाइगा म्हणाली. "मलापण वाटलं होतं वहिनीने..."

"मला आता बोलू द्या," इनारा नाक ओढत म्हणाली. "मी अधिक दोघांना केला होता. तुलासुद्धा, दाइगा. यांच्या देखत कसं सांगणार? वर्षानुवर्षं खुर्च्या मांडल्या बिचाऱ्यांनी."

आइगार्सने डोकं वर काढलं. "तू हिला अधिक केलास?"

"आपली गाय हिने वाचवली की नाही?"

"म्हणजे मला माझ्या घरच्या मताने पाडलं!"

"आईंनी खोडलं, मी वाढवलं, हिशोब झाला," इनारा म्हणाली. "आता उठा, कोबी सुकतोय."

पण आजींनी हात वर केला. "थांब. गेना, माझ्या खोलीत जा. पलंगाखाली दोन पिशव्या आहेत. आण."

गेना गेला. पलंगाखाली खरंच दोन जाड कापडी पिशव्या होत्या, तोंडं दोरीने आवळलेली. त्या जड होत्या. हाडाच्या दुखण्यात बाईने वाकून हे भरलं कधी? पण मग त्याच्या लक्षात आलं, जूनपासून त्या सारखं सांगत होत्या, गेना, लोकर आण, गेना, चांगली डुकराच्या पाठीची चरबी मिळाली तर बघ. त्याला वाटलं होतं, म्हातारीला करमत नाही.

दाइगाने एक उघडली. वर लोकरीचे हातमोजे, तांबड्या नक्षीचे, नवे. खाली मोज्यांचे जोड. वाळवलेले राय धान्याच्या पावाचे तुकडे. फडक्यात बांधलेली खारवलेली चरबी. मीठ. साबण, कात्री, सुई-दोरा.

"आई," दाइगा म्हणाली, आणि हसायला गेली, पण तिला हसता आलं नाही. "अगं, रीगा दोन तासांवर आहे. दर शुक्रवारी येणार मी. तिथे दुकानं आहेत."

"असू देत दुकानं. आम्हाला पिशवी भरायला वेळच दिला नव्हता. आईने घाईत काय घेतलं, तर भिंतीवरचं घड्याळ. वर्षभर त्या घड्याळाकडे बघत उपाशी राहिलो आम्ही." त्यांनी पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं आणि ती दाइगाच्या मांडीवर ठेवली. "तू जा. तुला लोकांनी निवडलंय, तू जायलाच हवं, माझे वडील असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं. मी आता नाही अडवत. पण ही घेऊन जा."

"घेऊन जाईन," दाइगा म्हणाली. "शपथविधीलासुद्धा नेईन. काखेत."

आइगार्स दुसऱ्या पिशवीकडे बघत होता. "आणि ही माझी? मी तर पडलो, आई. मी कुठे जाणार?"

"मला काय माहीत कोणाला नेणार ते?" वेल्टाआजी म्हणाल्या. "म्हणून दोन्ही भरल्या."

आइगार्सने पिशवी उचलली आणि लहान मूल उशी धरतं तशी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मग एक हातमोजा काढून घातला, कोबीचा ओला हात तसाच आत, आणि सगळ्यांना दाखवला. मोजा बरोबर बसला होता.

गेना भिंतीला टेकून उभा होता. आजींचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला.

"तुझी नाही भरली रे," त्या म्हणाल्या. "तुझी मला काळजीच नाही. तुझं नाव कुठल्याच यादीत नाही. तू आपला घरी."

त्यांनी ते मायेने म्हटलं होतं. सगळ्या घरात त्यांच्या दृष्टीने सुखरूप असा हा एकच जीव. पण गेनाला ते लागलं. पंचवीस वर्षं तो याला ताठा म्हणत आला होता, आणि लोक अन्याय म्हणत आले होते, आणि दोन्ही खरंच होतं. पण या म्हातारीने सहाव्या वर्षापासून जे भय पोटात वागवलं, ते काल पेन हातात धरून बाहेर तरी काढलं. आणि तिची लेक आज हे मोजे घेऊन त्याच यादीत निघाली होती, भीती वाटत असून. आपण काय केलं? गाडी धुतली.

दाइगा त्याच्याकडे बघत नव्हती. ती पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आई," गेना म्हणाला. "त्या परीक्षेत राष्ट्रगीत लिहून दाखवावं लागतं म्हणे."

दोरी गुंडाळणारं बोट थांबलं.

"मला येतं ते," तो म्हणाला. "लाउमाच्या शाळेत इतक्यांदा ऐकलंय. उद्या दूध पोचवून वाल्मिएराला जातो, अर्ज करून येतो. चार वर्षांनी ही बया परत उभी राहील, तेव्हा हिच्या नावापुढे माझा अधिक असायला हवा. जाड पेनाने." तो सासूबाईंसमोर जाऊन उकिडवा बसला. "मग माझंही नाव यादीत येईल, आई. तेव्हा माझीही एक पिशवी भरून ठेवा."

दाइगाने तोंडावर हात ठेवला. लाउमाने बापाकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच दारातून आत आला.

वेल्टाआजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि थोडा रागही होता, की एक तरी सुरक्षित होता, तोही चालला. मग त्यांनी खुर्चीच्या बाजूची टोपली मांडीवर ओढली, करड्या लोकरीचा गुंडा काढला आणि सुया शोधल्या.

"पायाचं माप काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"चव्वेचाळीस," गेना म्हणाला.